परेड स्टेटवर सगळे हजर, लढणारे किती?

प्रश्न असा आला आहे: टीव्हीवर युद्धाची चर्चा सुरू झाली की कुणाकडे किती रणगाडे, किती तोफा, किती सैनिक एवढंच मोजतात. मग माणसं जिवंत असतात, हत्यारंही जागेवर असतात, तरी एखादी तुकडी ‘लढण्यायोग्य राहिली नाही’ असं म्हणतात, ते काय असतं? सैनिक आणि शस्त्रं लढायची ताकद गमावतात तरी कशी?

मी २६ वर्षं फौजेत आर्मरर होतो. म्हणजे पल्टणीची हत्यारं तपासणारा आणि दुरुस्त करणारा माणूस. गोळी चालवण्यापेक्षा न चाललेली गोळी पाहण्यात माझी नोकरी गेली. म्हणून माझं उत्तर थोडं मिस्तरी छापाचं वाटेल, पण या प्रश्नाला तेच बरं. ताकद जाते ती सहसा धडाक्यानं जात नाही. ती गळते. पंक्चर झालेली सायकल रात्रभर भिंतीला टेकून उभी असते, दिसायला नीटच असते. सकाळी शाळेला उशीर झालेला पोरगा तिच्यावर बसतो तेव्हा कळतं.

रोज सकाळी पल्टणीत परेड स्टेट बनतं. एकूण किती, हजर किती, रजेवर किती, आजारी किती. तसाच हत्यारांचा रिटर्न. दोन्ही कागद खरे असतात आणि दोन्ही अपुरे असतात. कारण त्यात ‘आहे की नाही’ लिहायला रकाना असतो, ‘या मिनिटाला चालेल का’ हे लिहायला नसतो.

एक रायफल घेऊन सांगतो. ऐंशीच्या दशकाचा शेवट, लडाखमधली एक उंच चौकी, नाव नको. तेव्हा आमच्याकडे एसएलआर रायफल होती. मी खालून हत्यारं तपासायला वर गेलो होतो. एक जवान सेंट्री ड्यूटी संपवून बंकरमध्ये आला, रायफल बुखारीजवळ, म्हणजे शेगडीजवळ टेकवली, हात शेकले, चहा प्यायला. प्रेमानंच ठेवली होती त्यानं ती तिथं, जणू तिलाही थंडी वाजत असावी. दोन तासांनी स्टँड-टू झालं, म्हणजे सगळ्यांनी हत्यार घेऊन मोर्च्यावर सज्ज व्हायचं. रायफल घेऊन तो बाहेर गेला, आणि तपासायला म्हणून मी बोल्ट, म्हणजे गोळी नळीत ढकलणारा खटका, ओढला तर हलेना. अख्खी रायफल चकाचक, गंज नाही, धूळ नाही. पण बंकरमधली ओलसर ऊब गार लोखंडावर दव होऊन बसली होती, आणि बाहेर उणे वीसमध्ये त्या दवाचा बर्फ झाला होता. बोल्टच्या खोबणीत, फायरिंग पिनच्या भोकात, सगळीकडे. त्या क्षणी ती साडेचार किलोची काठी होती.

म्हणून फार थंडीत रायफल बंकरच्या आत घ्यायची नाही. बाहेर, छपराखाली, झाकून ठेवायची. नव्या पोराला हे पटत नाही. आईनं ‘गाय गोठ्यात बांध’ म्हणून वाढवलेला असतो, हत्यार बाहेर ठेवायचं म्हणजे त्याला हेळसांड वाटते. तेलाचंही तसंच. खाली देवळालीत किंवा बेळगावात जो जवान रायफलला हात सोडून तेल लावतो त्याला आम्ही शाबासकी देतो. वर तेच तेल काकवीसारखं घट्ट होतं. बोल्ट पुढं जातो, पण रेंगाळत. पिन काडतुसाच्या बुडावर टिचकी मारते, ठोसा नाही. गोळी उडत नाही. वर जाताना आधीचं तेल पूर्ण पुसून काढायचं आणि थंडीचं पातळ तेल चिंदीला जेमतेम लावून फिरवायचं, इतकं कमी की बोटाला लागलं तर लागलं. नळीच्या तोंडात बर्फ जाऊ नये म्हणून त्यावर काय चढवतात ते इथे लिहीत नाही, कुणा फौजीला विचारा, तो हसून सांगेल.

प्लॅस्टिकचंही थंडीत खरं नसतं. कारगिलच्या वेळी इन्सास रायफलीची मॅगझीन, म्हणजे गोळ्या भरायची पेटी, तडकल्याच्या तक्रारी तर पेपरांतही आल्या होत्या. बॅटरीची गोष्ट आणखी वाईट. पूर्ण चार्ज असलेली लेड-ॲसिड बॅटरी उणे पन्नासच्या खालीही गोठत नाही. उतरलेली मात्र उणे दहाच्या आसपासच गोठते आणि तिचं पोट फुटतं. म्हणजे काल रात्री कुणी रेडिओ लागतो का बघत बॅटरी रिकामी केली असेल, तर आज ती फक्त रिकामी नाही, मेलेली आहे. गाडी सुरू होत नाही, रेडिओ बोलत नाही, रात्री बघायची दुर्बीण आंधळी. वस्तू सगळ्या आहेत, रिटर्नमध्ये एकही कमी नाही. लडाखमध्ये रणगाड्यांची इंजिनं रात्रीतून उठून सुरू करावी लागतात ती यासाठीच. लोकांना वाटतं रणगाडा म्हणजे हत्ती. अहो, तान्ह्या पोरासारखं त्याला रात्री उठून बघावं लागतं.

आता माणूस. मला विचाराल तर माणूस आणि रायफल एकाच पद्धतीनं बिघडतात. बारीकशी गोष्ट, बाहेरून न दिसणारी, आणि ज्याला ठाऊक असते तो बोलत नाही.

अठरा हजार फुटांवर हवेचा दाब समुद्रकाठच्या निम्मा होतो. श्वास तोच, पण त्यातून मिळणारा प्राणवायू अर्धा. भूक मरते, झोप तुटते, चिडचिड होते. १९६२ मध्ये आपल्याला याचा जबर धडा मिळाला. ईशान्य सीमेवरच्या नामका चू नदीच्या काठी उभी केलेली ७ इन्फंट्री ब्रिगेड आठवा. सुती गणवेश, एकेक ब्लँकेट, माणशी ५० गोळ्यांच्या आसपास दारूगोळा. विमानातून टाकलेलं बरंचसं सामान दऱ्यांत गेलेलं. बरीच माणसं उंचीची सवय न होताच चढवलेली. २० ऑक्टोबरला सकाळी चिनी हल्ला झाला तेव्हा नकाशावर ब्रिगेड होती. नकाशावरच्या खुणेला खोकला होत नाही, हीच नकाशाची अडचण.

इथं एक गोष्ट ठणकावून सांगायला हवी, कारण अशा चर्चेत लोक घसरतात. ताकद जाणं आणि धैर्य जाणं या दोन वेगळ्या गोष्टी. त्याच वर्षी १८ नोव्हेंबरला लडाखमधल्या रेझांग ला खिंडीत मेजर शैतान सिंग यांच्या हाताखालची १३ कुमाऊंची चार्ली कंपनी, सुमारे १२० माणसं, तशाच थंडीत, जुन्या थ्री-नॉट-थ्री रायफली घेऊन, तोफखान्याच्या मदतीविना लढली. मधल्या डोंगरामुळे आपल्या तोफांचा मारा तिथं पोचतच नव्हता. पुढच्या वर्षी बर्फातून प्रेतं सापडली तेव्हा कित्येकांच्या हातात हत्यार तसंच होतं. माणूस ताकदीच्या पलीकडे लढू शकतो. पण तो लढेल असं धरून योजना आखणं हा गुन्हा आहे. माझं मत, आणि ते बदलायचं नाही.

त्या युद्धानंतर आपल्या फौजी डॉक्टरांनी जे काम केलं त्याची महाराष्ट्रात तर सोडाच, फौजेतही पुरेशी आठवण नाही. इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १,९२५ जवानांच्या उंचीवरच्या आजाराचा अभ्यास १९६९ मध्ये प्रसिद्ध केला. आज आपण ज्याला हापो म्हणतो, म्हणजे उंचीमुळे फुप्फुसात पाणी होणं, त्याबद्दल जगाला बरंच काही भारतीय जवानांच्या छातीतून कळलं. आज वर जाणाऱ्याला टप्प्याटप्प्यानं थांबवतात: नऊ ते बारा हजार फुटांवर सहा दिवस, बारा ते पंधरा हजारांवर चार, त्यावर जायचं तर आणखी चार. चौदा दिवस. घाई असलेल्या अधिकाऱ्याला हे चौदा दिवस वाया गेल्यासारखे वाटतात. सहा दिवसांत वर नेलेली कंपनी आठव्या दिवशी अर्धी एमआय रूमच्या, म्हणजे पल्टणीच्या दवाखान्याच्या दाराशी बसलेली असते, आणि उरलेली अर्धी तिला खाली वाहून नेण्यात गुंतते. हा हिशेब कुणीतरी फळ्यावर मांडून दाखवला पाहिजे. एक आजारी माणूस म्हणजे एक वजा नव्हे. त्याला स्ट्रेचरवर उतरवायला वरच्या वाटेवर आठ-आठ माणसं लागतात.

सियाचेनवर १९८४ पासून आपली माणसं आहेत. नोव्हेंबर २००३ पासून तिथं गोळीबार थांबलेला आहे, तरी माणसं जातच राहिली. फेब्रुवारी २०१६ मध्ये १९,६०० फुटांवरच्या सोनम चौकीवर हिमकडा कोसळला आणि दहा जण गाडले गेले. त्याआधी एप्रिल २०१२ मध्ये पलीकडच्या गयारी तळावर पाकिस्तानची १४० माणसं अशीच गेली. शत्रूच्या गोळीपेक्षा हवामानानं जास्त माणसं नेली, दोन्ही बाजूंची.

पण मरण हा या प्रश्नाचा भाग नाही म्हणा. प्रश्न जिवंत असून न लढू शकणाऱ्याचा आहे. त्याचं उदाहरण पुन्हा माझ्या टेबलावरचं. लडाखमधल्या त्याच चौकीवर एका नाईकाची रायफल एकच गोळी मारून थांबायची, पुढची आपोआप भरायची नाही. नाईक अनुभवी, डोळे बांधून रायफल खोलणारा. मी पाहिलं तर गॅस प्लग उलटा बसवलेला. एसएलआरचा हा प्लग अर्धा वळसा फिरवून बसवला की पुढची गोळी भरणाऱ्या गॅसची वाट बंद होते, रायफलीनं ग्रेनेड फेकायचा असतो तेव्हा तसा ठेवतात. साफसफाई करून त्यानं प्लग परत बसवला तो उलटा, आणि त्याला पत्ताच नाही. मी त्याला दाखवलं तर तो बराच वेळ त्या प्लगकडे बघत राहिला. मग म्हणाला, “उस्ताद, तीन रात्री डोळा लागला नाही.” मी त्याची रायफल दुरुस्त केली असं म्हणायला जीभ वळत नाही. रायफल ठीकच होती.

न झोपलेला माणूस असाच असतो. भित्रा होत नाही, मूर्खही होत नाही. रोजच्या कामातली एक पायरी गाळतो आणि गाळली हे त्याला कळत नाही. गस्तीवर निघताना पाण्याची बाटली विसरतो, परवलीचा शब्द कालचा सांगतो. आणि डोकं दुखत असेल तर सांगत नाही, कारण पुढच्या गस्तीत त्याचं नाव असतं आणि सांगितलं तर दोस्त ‘ढिला’ म्हणतील. हापोचे कितीतरी रुग्ण आदल्या संध्याकाळी “एकदम ठीक, साब” म्हणालेले असतात.

थंडीचंच पुराण झालं. उष्ण, दमट मुलखात हेच वेगळ्या वेषात येतं. दुसऱ्या महायुद्धात बर्माच्या आघाडीवर १९४३ मध्ये जखमी म्हणून दवाखान्यात आलेल्या प्रत्येक माणसामागे १२० माणसं आजारी म्हणून मागं पाठवावी लागत होती, हा तिथले ब्रिटिश सेनापती जनरल स्लिम यांचा आकडा आहे. मुख्य मारेकरी मलेरिया. औषधाच्या गोळ्या होत्या, पण जवान घेत नसत. स्लिमनी अचानक रक्ततपासणी सुरू केली आणि ज्या पल्टणीत औषध घेणाऱ्यांचं प्रमाण कमी भरलं तिच्या कमांडिंग ऑफिसरला घरी पाठवलं. तिघांना पाठवावं लागलं, बाकीच्यांना तेवढ्यात समजलं. मला हा किस्सा फार आवडतो, कारण शिक्षा गोळी न गिळणाऱ्या जवानाला झाली नाही.

त्याच आघाडीवरची सांगशाकची लढाई मराठी माणसाला माहीत असायला हवी. मार्च १९४४. मणिपूरमधल्या त्या टेकडीवर ५० पॅराशूट ब्रिगेडबरोबर आपली ४/५ मराठा लाइट इन्फंट्री होती. खाली खडक, त्यामुळे खंदक तीन फुटांच्या खाली जाईनात. काटेरी तार नाही. पाणी तुटपुंजं. विमानातून टाकलेलं बरंचसं सामान जपान्यांच्या पदरात पडायचं. मेलेली खेचरं आणि माणसं पुरायला जागा नाही, त्यांच्या शेजारीच उभं राहून लढायचं. २२ ते २६ मार्च, झोप अशी नाहीच. शेवटी शेवटी माणसं उभ्या उभ्या पेंगत होती. २६ च्या रात्री बाहेर पडायचा हुकूम आला. आता गंमत पाहा: जे तुटेपर्यंत लढले त्यांनी इंफाळ आणि कोहिमाला तयारीचे दिवस मिळवून दिले, आणि ज्यांनी टेकडी जिंकली ते जपानी तीन आठवड्यांचा शिधा बांधून निघालेले. त्यांचे ते दिवसही गेले. मेअखेर कोहिमासमोरच्या ३१ व्या डिव्हिजनचा सेनापती सातो यानं वरिष्ठांचा हुकूम मोडून माघार घेतली, कारण माणसांच्या पोटात काही उरलं नव्हतं. त्या मोहिमेत जपान्यांचे बहुतेक मृत्यू भुकेनं आणि रोगानं झाले.

पानिपतचं नाव काढायचं नाही असं ठरवलं होतं, पण इथं मोह आवरत नाही. १४ जानेवारी १७६१ ला सकाळी इब्राहिमखान गारद्याच्या तोफा उत्तम चालत होत्या. त्यामागची माणसं आणि घोडी मात्र कित्येक दिवसांची उपाशी होती. आपण अडीचशे वर्षं सेनापतींच्या चुकांवर भांडतो. वैरणीवर कुणी भांडत नाही.

तोफांकडे येतो. हा माझा प्रांत नव्हे, पण तोफखान्यातल्या दोस्तांबरोबर बरंच आयुष्य काढलंय. कारगिलमध्ये १९९९ साली आपल्या तोफखान्यानं अडीच लाखांहून जास्त गोळे, बॉम्ब आणि रॉकेटं डागली. बोफोर्स तोफांनी तर समोर दिसणाऱ्या बंकरवर सरळ नेम धरून मारा केला. पण प्रत्येक गोळा जाताना नळीचा आतला पृष्ठभाग थोडा खरवडून नेतो. नळी झिजली की गोळ्याचा वेग घटतो, गोळा आखूड पडतो. आणि डोंगर चढणाऱ्या आपल्याच जवानांच्या डोक्यावरून मारा चाललेला असताना आखूड पडणं म्हणजे काय ते सांगायला नको. उलट बाजूनं, उंचावर हवा विरळ असल्यामुळे गोळा मैदानातल्या तक्त्यापेक्षा लांब जातो. म्हणजे तोफ चालते, गोळा फुटतो, आणि तरीही तोफेचा उपयोग शून्य, जर गणित करणाऱ्यानं नळीची झीज आणि हवा दोन्ही हिशेबात धरली नाहीत तर.

विमानांनाही हवेनं सोडलं नाही. कारगिलच्याच वेळी, २७ मे रोजी, वैमानिक नचिकेता यांच्या मिग-२७ चं इंजिन रॉकेटं डागल्यावर बंद पडलं. दुसऱ्या दिवशी तोलोलिंगजवळ एमआय-१७ हेलिकॉप्टर क्षेपणास्त्रानं पाडलं, त्यावर उष्णता शोधणाऱ्या क्षेपणास्त्राला चकवणारे फ्लेअर नव्हते. हेलिकॉप्टर धडधाकट होतं. एक पेटी कमी होती.

याच जातीची, पण वर्षानुवर्षं चालणारी गळती म्हणजे सुटे भाग. बोफोर्सचा करार १९८६ चा. पुढं लाचखोरीच्या वादात कंपनीशी व्यवहार थांबले आणि सुट्या भागांची चणचण सुरू झाली. मग वर्कशॉपमध्ये नेहमीचा उपाय: एक तोफ उघडायची आणि तिचे भाग चार तोफांना लावायचे. इंग्रजीत याला भारदस्त शब्द आहे, आम्ही ‘बकरा कापणे’ म्हणायचो. तात्पुरता उपाय म्हणून उत्तम. पण कापलेला बकरा उभा राहत नाही, आणि रिटर्नमध्ये तो बकरा बरेच दिवस जिवंत असतो. मी स्वतः असे रिटर्न भरलेत. ‘दुरुस्तीखाली’ लिहायचं, तारीख सरकवत राहायची. खोटं नसतं ते. पण वर बसून ते वाचणारा मात्र पाच तोफा मोजतो.

एवढं वाचून तुमच्या प्रश्नातला न विचारलेला भाग उरतो: गेलेली ताकद परत येते का? हत्याराची येते, भाग मिळाला की तासाभरात. उंचीनं थकलेल्या माणसाची येते, खाली आणला, जेवू-झोपू दिला तर काही आठवड्यांत. म्हणून तर सर्वांत उंच चौक्यांवर माणूस साधारण तीन महिन्यांपेक्षा जास्त ठेवत नाहीत. हिमदंशानं काळं पडलेलं बोट मात्र परत येत नाही.

आमच्या पल्टणीत एक एलएमजीवाला, म्हणजे हलकी मशीनगन चालवणारा, होता, सांगलीकडचा. बोटं बधिर झालीत हे त्यानं दोन दिवस कुणाला सांगितलं नाही, कारण एलएमजी दुसऱ्याच्या हाती गेली असती. उजव्या हाताची दोन पेरं गेली. मेडिकल कॅटेगरी खाली आली आणि त्याला कोतमध्ये, म्हणजे हत्यारांच्या कोठीवर बसवलं. रजिस्टर डाव्या हातानं लिहायचा, अक्षर भयंकर. ड्यूटीवर निघालेला जवान खिडकीशी आला की तो रायफल काढून आपल्याकडेच धरून ठेवायचा आणि म्हणायचा, “आधी हातमोजे काढ. बोटं दाखव.”